अठ्ठ्याहत्तर हजार पिंपांचा अंदाज

(काबिमास, माराकाइबो तळ्याचा पूर्वेकडचा काठ. तेलकंपनीच्या धक्क्यावरची पत्र्याची शेड, सकाळचे साडेआठ. नेरिओ तळ्यातल्या पाण्यात उभ्या असलेल्या तेलविहिरींचा जुना मोजणीदार. एहिल्दा कंपनीच्या नियोजन खात्यातली इंजिनिअर, राजधानी काराकासच्या बसमधून आत्ताच उतरलेली.)

एहिल्दा : ...आणि वर मला म्हणतात, बाई, तुमचा आकडा फार उदास आहे. काका, आकडा उदास कसा असतो?

नेरिओ : आधी बस. कॉफी घे. साखर नाहीये, तशीच पी. बस किती वाजता सुटली होती?

एहिल्दा : काल संध्याकाळी. वाटेत दोनदा बंद पडली. पण मी बसायला नाही आले. बारापर्यंत मला राजधानीत एक कागद पाठवायचाय आणि त्यावर तुमची सही हवीये.

नेरिओ : माझी? मोजणीदाराची सही तिकडे कोण विचारतं?

एहिल्दा : पहिल्यांदाच विचारली. पुढच्या बारा महिन्यांचा अंदाज ठरत होता. देश किती कच्चं तेल काढणार, त्यातलं किती बाहेर विकणार. आपल्या भागाचा आकडा मी घेऊन गेले, रोजची एकेचाळीस हजार पिंपं. खोलीत शिरले तर फळ्यावर आधीच लिहिलेलं. अठ्ठ्याहत्तर.

नेरिओ : आधीच लिहिलं होतं, तर तुला एवढ्या लांब बोलावलं कशाला?

एहिल्दा : भागाच्या अंदाजावर सही नियोजनाच्या माणसाची लागते. सात जण होते. थंडी इतकी की मी स्वेटर मागितला. मी सांगितलं, तेल वर ढकलायला विहिरींत वायू भरणारी पाच यंत्रं आहेत, त्यातली दोन चालतात. तांब्याच्या तारा चोरीला गेल्यात. तळाशी पडलेला पाइप चाळणीसारखा झालाय. सगळ्यांनी लिहून घेतलं. छान मान हलवली. मग मोठे साहेब म्हणाले, हे सगळं डिसेंबरपर्यंत दुरुस्त होईल असं धरून चला.

नेरिओ : कोण करणार?

एहिल्दा : तेच मी विचारलं. त्यांनी दुसऱ्या भागाचा नकाशा लावला.

नेरिओ : ओरडले का तुझ्यावर?

एहिल्दा : ओरडले असते तर बरं होतं, मला भांडता आलं असतं. माणूस सभ्य हो. म्हणाला, देशाला आशा लागते. पंपाला तेल लागतं, हे उत्तर मला बसमध्ये सुचलं, बार्किसिमेतोच्या अलीकडे. तिथे सुचायला काय झालं होतं?

नेरिओ : मलाही सगळं घरी गेल्यावरच सुचतं. मग? केलीस सही?

एहिल्दा : नाही केली.

नेरिओ : नाही केलीस.

एहिल्दा : तीन वर्षांपूर्वी केली होती ना. तेव्हा सत्तर म्हणाले, मी सत्तर लिहिलं. जहाजं आली, बंदराबाहेर उभी राहिली, आणि भरायला तेल कमी पडतंय म्हणून वरून हुकूम आला की तेलाच्या पाइपलाइनचा दाब वाढवा. तुम्हाला मी काय सांगतेय. एंदेर तुमच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा.

नेरिओ : तो विषय कशाला.

एहिल्दा : तीन वर्षं तुम्ही हेच म्हणताय. एकदा तरी बोला मला काही.

नेरिओ : पाइप फुटला. त्याची वेल्डिंगची ज्योत पेटलेली होती. यात तुला काय बोलू? तो जिवंत आहे. मायकाओला असतो, सीमेपलीकडे. परवा फोन आला होता. फोन बायको धरते, बोटं वळत नाहीत त्याची अजून. तुझी आठवण काढतो. रागानं नाही.

एहिल्दा : म्हणून या वेळी मी सही केली नाही. साहेबांनी विचारलं, तुमच्या एकेचाळीस हजारांना आधार काय? मी म्हटलं, नेरिओ उर्दानेता. एकतीस वर्षं तळ्यावर. दोनशे बारा विहिरी, एकेक विहीर हातानं मोजणारा माणूस. कंपनीत कुणाचाही कागद खोटा असेल, त्याचा नसेल. असं म्हटलं मी, सात जणांसमोर.

नेरिओ : असं म्हणालीस.

एहिल्दा : मग ते म्हणाले, ठीक आहे. मोजणीदाराच्या सहीची विहिरीगणिक यादी उद्या बारापर्यंत पाठवा, आम्ही तुमचा आकडा घेऊ. ही यादी. तुमच्याच गेल्या महिन्याच्या नोंदींवरून मी बसमध्ये तयार केली. चार पानं आहेत, प्रत्येकावर खाली सही करा. पेन देऊ?

नेरिओ : ठेव तिथं.

एहिल्दा : काका, वेळ नाहीये.

नेरिओ : मांदोका खातेस? तुझ्या रामोनाकाकूनं डबा दिलाय. चीज घातलंय आज.

एहिल्दा : मला भूक नाही. सही करा ना.

नेरिओ : एहिल्दा, मी यावर सही नाही करत.

एहिल्दा : का? तुमचेच आकडे आहेत.

नेरिओ : माझेच आहेत. म्हणून.

एहिल्दा : घाबरलात? तुम्हाला कुणी काही करणार नाही, भांडण माझं आहे.

नेरिओ : ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर राहून जाईल. गेल्या वर्षी मार्चपासून लाँचला पेट्रोल महिन्यातून दोनदा मिळायला लागलं. पावसाळ्यानंतर एकदा. एका टाकीत माझ्या पन्नास-साठ विहिरी होतात. बाकीच्या कशा मोजू? पोहत जाऊ?

एहिल्दा : मग बाकीच्या?

नेरिओ : मागच्या वेळचा आकडा घ्यायचा, थोडा कमी करायचा, लिहायचा.

एहिल्दा : दीडशे विहिरी?

नेरिओ : मध्ये बोलू नकोस म्हटलं ना. सुरुवातीला मी लिहिलं, मोजली नाही. सुपरवायझरनं कागद परत पाठवला. रकाना रिकामा चालत नाही म्हणे. शेजारच्या बाचाकेरोच्या मोजणीदारानं तरीही रिकामाच सोडला. त्याला घरी बसवलं, त्याची कंपनीकडची जिनसांची पिशवी बंद झाली. मग मी लिहायला लागलो. आणि मेली म्हणूनही लिहिता येईना. विहीर मेली असं कागदावर आलं की आठवड्यात तिची मोटर, तारा, वरचं लोखंड सगळं कापून नेतात. कोण नेतं ते विचारू नकोस. तुझ्या बापाबरोबर उघडलेल्या विहिरी आहेत त्यात. मला वाटलं, कागदावर जगल्या तर कधीतरी कुणी येऊन दुरुस्त करील.

एहिल्दा : म्हणजे माझे एकेचाळीससुद्धा खोटे.

नेरिओ : हं.

एहिल्दा : मी तिथे सात माणसांसमोर तुमच्या नावानं... त्यांचा आकडा खोटा म्हणून मी चौदा तास बसमध्ये मनातल्या मनात भांडत आले, आणि माझा काय? तुमच्या डोक्यातून आलेला. त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? सदतीस हजारांचा?

नेरिओ : बोल. बोलून घे.

एहिल्दा : मला सांगायचं होतंत. महिन्याला येते मी इथे. याच बाकावर बसते.

नेरिओ : दर वेळी ठरवायचो. तू यायचीस, म्हणायचीस, काका, तुमच्यामुळे माझं काम सोपं होतं. मग कसं सांगू?

एहिल्दा : खरा आकडा किती?

नेरिओ : नक्की नाही सांगता यायचं.

एहिल्दा : अंदाजे सांगा. तुम्हाला माहीत असणार.

नेरिओ : कोळी सांगतात मला. ते होड्या विहिरींच्या खांबांना बांधतात. पाइप हाताला गरम लागला की विहीर चालू. गार लागला की गेली. सव्वीस हजार. तेही मन मोठं करून.

एहिल्दा : सव्वीस.

नेरिओ : म्हणून सही नाही केली. पेन खाली ठेव जरा.

एहिल्दा : फोन करते त्यांना. खरं ते सांगते. तुमचं नाव नाही घेणार. ...हॅलो, काबिमासहून एहिल्दा सोतो. हो, यादीबद्दलच. माझा आकडा चुकला होता... नाही, वर नाही, खाली. सव्वीस हजार. हो, सव्वीसच म्हटलं. ...म्हणजे? कधी? ...पण बाराची वेळ दिली होती तुम्ही. ...सही कुणाची आहे त्यावर? ...बरं. नाही, काही नाही.

नेरिओ : काय झालं?

एहिल्दा : अंदाज काल रात्रीच वर गेला. मी बसमध्ये असतानाच. अठ्ठ्याहत्तर. सही उपसंचालकांनी केली, नियोजनाच्या वतीनं. सकाळी मंत्रालयातून जाहीरही झाला. देशाची निर्यात वाढणार, आणि सगळ्यात मोठी वाढ म्हणे आपल्या भागात. पहिलं जहाज एकोणीस तारखेला येतंय.

नेरिओ : मग तुला बाराचं कशाला सांगितलं?

एहिल्दा : खोलीतून घालवायला. फोन घेणाऱ्या मुलीनं मला, दमला असाल, विश्रांती घ्या, असंही सांगितलं. बिचारी चांगली होती.

नेरिओ : मला उगाच सगळं ओकायला लावलंस म्हणजे.

एहिल्दा : उगाच नाही. एकोणीसला जहाज येईल. वीसला विचारतील, तेल कुठंय? एकवीसला पंपघरात फोन जाईल, दाब वाढवा. लाइन तीच आहे. एंदेरनं जोडत आणली होती तीच. तिच्यावर आता कोण काम करतं?

नेरिओ : दोन पोरं आहेत. एकाचं लग्न झालं ईस्टरला.

एहिल्दा : पंपघरात योलेइदा आहे ना अजून?

नेरिओ : आहे. ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

एहिल्दा : जुना नियम आहे. लाइनचा दाब वाढवायचा तर मोजणीदाराच्या सहीची चालू महिन्याची यादी पंपघरात असावी लागते. तेवढं तेल विहिरींतून येतंय असं त्यात दिसलं, तरच. कित्येक वर्षांत कुणी मागितली नाही. योलेइदाच्या हातात सव्वीस हजारांची यादी असली तर तिला नाही म्हणता येईल. तिच्यावर कारवाईसुद्धा नाही होणार.

नेरिओ : माझ्यावर होईल.

एहिल्दा : हो. गेल्या महिन्यात चाळीसच्या वर आणि या महिन्यात सव्वीस म्हटल्यावर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील. मी खोटं नाही सांगत, काढतील तुम्हाला. पेन्शनचं काय करतील माहीत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी समजेन. मगाशी ओरडले, ते वेगळं.

नेरिओ : रामोनाला काय सांगू?

एहिल्दा : मी येते बरोबर सांगायला.

नेरिओ : नको. तुला बघून ती आधी जेवायला वाढेल, मग सांगणं अजून अवघड. आण ती यादी. एक नंबरपासून धर. मी सांगतो, तू खोड. एक चालू. दोन चालू. तीन गार. चार, पाच, सहा, तिन्ही गार.

एहिल्दा : सहासुद्धा? ती तर पप्पांची...

नेरिओ : सहा गेल्या नाताळच्या आधीच गेली. लिही.

एहिल्दा : लिहिलं.

नेरिओ : ज्यांचं मला माहीत नाही, त्यांच्यापुढे काय लिहायचं?

एहिल्दा : मोजली नाही.

नेरिओ : तसंच लिहायचं? मोजली नाही?

एहिल्दा : तसंच.

नेरिओ : सात मोजली नाही. आठ मोजली नाही. नऊ चालू आहे, तिच्यावर होसे लुईसची होडी असते रोज. दहा गार...

एहिल्दा : थांबा, भराभर नका सांगू. अक्षर बिघडतंय माझं.

नेरिओ : योलेइदा अकराला जेवायला जाते. त्याआधी तिथं पोचायचंय.

एहिल्दा : कंपनीची जीप आहे ना बाहेर?

नेरिओ : आहे. उभी आहे. पेट्रोल शुक्रवारी येईल म्हणतात. पंपघर पायी पाऊण तास. तुझ्याच्यानं होईल?

एहिल्दा : होईल. आता शेवटची, दोनशे बारा?

नेरिओ : गार. झालं. दे इकडे, चारही पानं. ...घे, केल्या सह्या.

एहिल्दा : काका, डबा राहिला तुमचा.

नेरिओ : असू दे. एहिल्दा, एक सांगतो. हळू चाललीस तरी चालेल, पण वाटेत कुठं थांबू नकोस. थांबलो, तर मी परत फिरेन.