दुरुस्तीआधीचे आवाज

लेक : ...आणि हे शेवटचं. ऐक. ‘प्रेमाविषयीचा हा अल्बम ऐकताना प्रेमापेक्षा फ्रीजची आठवण अधिक येते.’

आई : बरोबर आहे की.

लेक : आई, टोमणा मारलाय त्याने.

आई : मारला असेल, पण ओळखलं ना? बाकीच्यांना विमान वाटलं, समुद्र वाटला, एकीला गर्भाशय वाटलं. फ्रीजला फ्रीज म्हणणारा हाच एक निघाला. तारे किती दिले?

लेक : पाचापैकी दोन.

आई : तुला गणितात पडायचे तसे.

लेक : एक धाडसाला आणि एक मुखपृष्ठाला, असं स्वच्छ लिहिलंय. म्हणजे गाण्यांच्या वाट्याला काहीच नाही. आणि हा साप्ताहिकवाला बघ. ‘चौथ्या गाण्यात गायिका यंत्राच्या आवाजात सोळा वेळा विचारते, ऐकतोयस का? सतराव्या वेळेची वाट न पाहता आम्ही अल्बम बंद केला.’ पुढची सात गाणी न ऐकता परीक्षण! मी चौदा महिने खोलीत कोंडून घेतलं, आणि या गृहस्थांना पाऊण तास बसवत नाही.

आई : सोळा वेळा विचारायचं कशाला पण? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही तीनदा हॅलो म्हणायचो आणि लाइन सोडून द्यायचो.

लेक : ते कलात्मक आहे.

आई : असेल बाई. हे मटार घे सोलायला. कलात्मक सोलू नकोस, दाणे खाली पडतात.

लेक : कौतुकही आलंय हं. ‘उद्याचं प्रेमगीत’ असं एकीने लिहिलंय. ते मी सहा वेळा वाचलं. सहाव्यांदा लक्षात आलं की वर फोटो दुसऱ्याच कुणाचा आहे.

आई : आणि तुला सोडून गेलेला तो माणूस कोण?

लेक : कोण माणूस?

आई : मला काय विचारतेस? खालची शिवणकामवाली परवा माप घेता घेता म्हणाली, ‘वाचलं हो ताई, वाईट झालं. लग्न झालेला होता म्हणे.’ माझ्या कमरेभोवती टेप. पळणार कुठे?

लेक : अगं, ते एका शहाण्याने मनानेच ठोकून दिलंय. ‘दूरस्थ, थंड, बहुधा विवाहित प्रियकर.’

आई : विवाहित होते खरे. माझ्याशीच.

लेक : आणि थंड नव्हते.

आई : थंड नव्हते, थंड करून द्यायचे. गॅरंटीसकट.

लेक : त्याचंच विचारायचंय तुला. बारा वाजता रेडिओवरच्या बाईंचा फोन येणार आहे. पहिला प्रश्न तोच असेल, कोण आहे हा? आजवर मी गूढ हसून वेळ मारून नेली. रेडिओवर गूढ हसून चालत नाही. सांगू का, की हे सगळं बाबांवर आहे? त्यातली प्रत्येक घरघर त्यांनी भरून ठेवलेली आहे म्हणून?

आई : तुझा अल्बम आहे. तू बघ.

लेक : ‘तू बघ’ म्हणजे नको, एवढं कळतं मला. आई, तीन आठवडे झाले तो येऊन. अनोळखी माणसांची मतं मला तोंडपाठ आहेत, आणि तू अजून एक शब्द बोलली नाहीस. ऐकलास तरी का?

आई : ऐकला.

लेक : कुठवर?

आई : सगळा. नऊ-दहा वेळा. नववं गाणं सोडून.

लेक : मग? पाचापैकी?

आई : आधी सांग, ते आवाज तुला मिळाले कुठे?

लेक : बाबांच्या कॉम्प्युटरवर. फोनवरून आपोआप तिथे जमा व्हायचे, आणि मग ते बसून नावं द्यायचे. एक-अ, एक-ब, दोन-अ, दोन-ब, असे तीनशेच्या वर फ्रीज. अ म्हणजे दुरुस्तीआधी, ब म्हणजे दुरुस्तीनंतर. मी रेडिओवर म्हणणार होते, ‘एका फ्रीज मेकॅनिकची आवाजातली रोजनिशी.’ आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं.

आई : रोजनिशी नव्हती ती.

लेक : मग काय होतं?

आई : मला आलेली पत्रं.

लेक : काय?

आई : ते गिऱ्हाइकाच्या घरी फ्रीजमागे वाकायचे, फोन धरायचे, आवाज भरायचे आणि मला पाठवायचे. ‘ऐक गं, काय वाटतं?’ मी सव्वीस वर्षं कानाला हेडफोन लावून काढली. तार कुठे सैल आहे, लाइनीत पाणी कुठे शिरलंय, नुसत्या खरखरीवरून सांगायचे. त्यांना हात होता, कान माझा. मी ऐकून कळवायचे. पंख्याचं पातं घासतंय. खालचं रबर बसलंय. कॉम्प्रेसर गेला, त्या लोकांना उगाच आशा लावू नका.

लेक : आणि आम्हाला कधी कुणी बोललं नाही!

आई : काय बोलायचं? बायकोला विचारून फ्रीज उघडणारा मेकॅनिक! कुणी घरात घेतलं असतं का त्यांना?

लेक : म्हणजे मी तुझी पत्रं उचलली, त्यांवर ठेका चढवला आणि बाजारात मांडली.

आई : ठेका तर काहीच्या काही आहे. पण ते सोड. तुझंही पहिलं गाणं त्यांनी मला पाठवलं होतं.

लेक : कुठलं? मी कॉलेज सोडल्यावर केलं होतं ते?

आई : तेच. तुला म्हणाले, छान आहे. मला पाठवलं, ‘ऐक गं, काय वाटतं?’

लेक : तू काय कळवलंस?

आई : कळवलं, पोरगी जेवत नाहीये नीट.

लेक : म्हणून त्या रविवारी दोघं अचानक येऊन उभे राहिलात?

आई : फ्रीज बघायला आलो होतो ना.

लेक : माझा फ्रीज चांगला चालला होता, आई.

आई : चालला होता. आत काही नव्हतं.

लेक : ...मला इतकी वर्षं वाटत होतं की ते गाणं ऐकून तुम्ही भारावून आलात. एका मुलाखतीत सांगितलंयसुद्धा मी तसं.

आई : छापलंय ते. वाचलं. गप्प बसले.

लेक : मग आता बोल ना. पत्रं चोरल्याचा राग आहे का?

आई : चोरलीस त्याचं काही नाही. पण अकराच्या अकरा गाण्यांत नुसते आजारी फ्रीज! पहिल्यात सैल पाइप. तिसऱ्यात पंखा. चौथ्यात तू ते सोळा वेळा विचारतेस, त्याच्यामागे गॅस गळतोय. एक म्हणून बरा झालेला नाही. तुझे बाबा काय नुसते बिघाड गोळा करत हिंडायचे? संध्याकाळी दुरुस्त करून घरी यायचे ना?

लेक : बिघाडाच्या आवाजात काहीतरी घडत असतं गं. ‘ब’मध्ये काहीच नव्हतं. दुरुस्त झालेला फ्रीज गप्प असतो. नुसती सुनसान खोली.

आई : किती ऐकलंस?

लेक : म्हणजे?

आई : एकेक ‘ब’ किती ऐकलास?

लेक : तीन सेकंद. चार.

आई : आणि होता केवढा?

लेक : चाळीस-पन्नास सेकंदांचा.

आई : मग काय केलंस त्यांचं?

लेक : जागा अडत होती. सगळे पुसून टाकले.

आई : आणि मघापासून त्या साप्ताहिकवाल्यावर तोंड सोडलंयस.

लेक : तो निदान चौथ्या गाण्यापर्यंत तरी आला. त्या दुसऱ्याला कळवते, दोन तारे जास्त झाले, एक परत घ्या.

आई : मुखपृष्ठाचा राहू दे. रंग चांगला आलाय.

लेक : नववं का सोडतेस तू? लोकांना तेच एक आवडलंय. त्यावर नाचतात लोक.

आई : त्याला ‘ब’ नाही.

लेक : म्हणजे?

आई : मला आवाज आला, मी ‘रिले गेलाय’ म्हणून कळवलं. ते ‘बघतो’ म्हणाले. मग त्या घरच्यांचाच फोन आला, की काका खुर्चीत बसलेत आणि बोलत नाहीयेत.

लेक : ...त्या फाइलला नाव नव्हतं. मला वाटलं, विसरले असतील द्यायला. तिचा ठेका इतका नेमका होता, की मी... आई, काढून टाकते ते गाणं. आत्ता सांगते कंपनीला.

आई : काही काढायचं नाही. नाचणाऱ्यांना नाचू दे. मी सोडते, एवढंच.

लेक : आणि तो फ्रीज?

आई : बाबांच्या भागीदाराने जाऊन केला, चार दिवसांनी. रिलेच होता.

लेक : मला ते ‘ब’ ऐकायचे होते गं. आता कुठून आणू?

आई : मला आलेलं मी पुसत नाही. थांब.

(आई कपाटातून आपला जुना फोन काढते. चार्जिंगला लावून दोघी तो सुरू व्हायची वाट पाहतात.)

लेक : बारा वाजत आले.

आई : वाजू देत. आता मध्ये बोलायचं नाही. शेवटपर्यंत ऐकायचं.

बाबांचा आवाज : झालं गं. तू म्हणालीस तेच होतं.

लेक : ...आधी इतका वेळ काय करत होते?

आई : फ्रीज ऐकत होते. खात्री झाल्याशिवाय बोलायचे नाहीत.

लेक : अजून एक लाव.

बाबांचा आवाज : झालं. पंखाच निघाला. अगं, तू इथे उभी असल्यासारखी सांगतेस. येतो जेवायला.

लेक : हे तीनशे आहेत असे?

आई : थोडे कमी.

लेक : आई, यातला एकच. शेवटच्या गाण्याच्या अगदी शेवटी. नुसतं ‘झालं गं’, बाकी काही नको.

आई : नाही.

लेक : मी त्याला काही करणार नाही. ठेकाही लावणार नाही.

आई : नाही म्हटलं ना. प्रश्न तू वाजवलेस, वाजव. उत्तरं मला आलेली आहेत.

लेक : ...बरं.

आई : रागावलीस?

लेक : नाही. चौदा महिने बसून मी तुला आलेल्या टपालाची निम्मी पाकिटं गावभर वाटली, आणि वर त्याला प्रयोग म्हणते. मी कुणावर रागावू?

आई : निम्मीच वाटलीस ते ठीक झालं. नाहीतर मला दारात उभं राहायची सोय नव्हती.

लेक : रेडिओवर काय सांगू मग?

आई : बाबांवर आहे, सांग. शिवणकामवालीही ऐकेल. आणि सांग, आईला सगळे फ्रीज ओळखू आले.

लेक : त्या विचारतील, आईने किती तारे दिले?

आई : पुढचा कर. मग बघू.

लेक : आला बघ त्यांचा फोन.

आई : घे ना मग.

लेक : दोन रिंगा जाऊ देत. आई, तू सांगितलेलं कधी चुकायचं नाही?

आई : चुकायचं की. दहात दोनदा तरी.

लेक : मग तेव्हा काय म्हणायचे?

आई : तेव्हा नुसतं ‘झालं’.