कान दिसू द्या

(ठाण्याहून काल्हेरला परतणारी रिक्षा कशेळीच्या पुलावर कंटेनरांच्या मागे अडकली आहे. आत सासू आनंदीबाई आणि सून हेमाली.)

आनंदीबाई : म्हंजी झालं ना? परत न्हाय बोलावनार?

हेमाली : झालं, आई. तत्काळमधून केलंय, दोन-चार दिवसांत नवा पासपोर्ट पोस्टाने घरी येईल. फक्त तुमच्याच हातात देतात तो, तेवढं घर सोडून कुठे जाऊ नका.

आनंदीबाई : कुठं जातेय मी. दारातच बसून ऱ्हाईन.

हेमाली : आणि पोस्टमनला चहा पाजत बसू नका. आधी सही करा.

आनंदीबाई : आन् मस्कतचं तिकीट?

हेमाली : तेच राहील. नवा पासपोर्ट आला की एजंट व्हिसाचं बघतो म्हणालाय. मृणालीताईंचे दिवस भरायच्या आत पोचताय तुम्ही. आता तरी पाठ टेका.

आनंदीबाई : मला आजून कळत न्हाय बघ. जुना दिवाळीपर्यंत चालू व्हता. मृणालीचा सवा महिना करून मी तर गनपतीला परत. मग नडलं कुठं?

हेमाली : तिथे उतरल्यापासून पुढे सहा महिने शिल्लक लागतात. माणूस आजारी पडला, अडकला, तर परक्या मुलखात पासपोर्ट संपायला नको, म्हणून. नाहीतर इकडे विमानातच चढू देत नाहीत.

आनंदीबाई : आन् एकदाबी वापरला न्हाय. डांबराच्या गोळ्या घालून पेटीत ठेवलेला. घडी न मोडलेलं लुगडं कधी जुनं व्हतं का?

हेमाली : लुगड्यावर तारीख नसते, आई.

आनंदीबाई : बाळ उठलं आसंल गं.

हेमाली : शेजारच्या रंजिताचा मेसेज आलाय, खिमट खाऊन झोपलंय. विषय बदलू नका, मला एक विचारायचंय. एजंटने नवीन काढा म्हटलं, त्या दिवसापासून तुम्ही पासपोर्ट सापडत नाही म्हणत होतात. तुमच्या दीपेशने ड्युटीवरून येऊन दोन्ही कपाटं उपसली. मी बाळाला कडेवर घेऊन माळा झाडला. ताई तर तिकडे म्हणायला लागल्या, वहिनी, राहू दे, इथली नर्स खूप चांगली आहे. आणि सोमवारी तुम्ही तो पोलक्यातून काढून माझ्या हातावर ठेवलात. का लपवला होतात?

आनंदीबाई : मला वाटलं, जुना काढून घेत्यात. गॅसची भरलेली टाकी देताना रिकामी नेत्यात, तसंच आसंल.

हेमाली : अहो, मग विचारायचं. आणि नेला असता तरी काय बिघडलं असतं?

आनंदीबाई : तुझ्या सासऱ्यांनी काढवला तो. जमीन गोदामाला गेली तवा म्हनाले, आता शेत न्हाय तर दुबई तरी बघू. दोघांचे काढले. ह्याच हापिसात आलो व्हतो. फोटोच्या खुर्चीवर बसवलं, तो पोरगा म्हनला, मावशी, कान दिसू द्या. मी पदर मागं सारला, तरी केस यायचेच. दोनदा म्हनला, तीनदा म्हनला. मी घामाघूम. तवा हे मागून आले आन् माझे केस कानामागं केले. आधी एका बाजूचे, मग दुसऱ्या.

हेमाली : बाबांनी? एवढ्या लोकांत?

आनंदीबाई : चारचौघांत माझ्याशी कधी बोलायचा न्हाय तो मानूस. त्याच खेपेचा फोटो हाय तो. पुढच्या शिमग्याला गेलेच. दुबई ऱ्हायली.

हेमाली : म्हणून आज खुर्चीवर बसल्या बसल्या केस मागे घेतलेत. त्या मुलीने सांगायच्याही आधी.

आनंदीबाई : पाठ झालंय आता.

हेमाली : मला आधी का नाही सांगितलंत?

आनंदीबाई : सुनेला आसं सांगत्यात व्हय? तिकडं पोरगी पहिलटकरीन, परमुलखात. आन् इकडं मी नवऱ्यानं केस सारले म्हनून फोटो धरून बसलेय. सोमवारी तिचा फोन ठेवला आन् माझी मलाच लाज वाटली. म्हनलं, जाऊ दे गेला तर.

हेमाली : गेला नाही ना पण. रद्दचा शिक्का मारलाय आणि कोपरा कापलाय, बस. तुमच्या फोटोला धक्का लागलेला नाही. बघा.

आनंदीबाई : बघितला. त्या बाईनं कैची घेतली तवा डोळंच मिटून घेतले मी. आन् मग आपल्या हातानं परत देत म्हनली, मावशी, जपून ठेवा. तिला आशीर्वाद द्यायचाबी ऱ्हायला.

हेमाली : पिशवीत आत ठेवा, खड्ड्यात पडेल हातातून. थांबा, ताईंना फोन लावते. वाट बघत असतील. हॅलो, ताई? हो, झालं. हो, त्याच तिकिटावर. येतायत आई. हो, नक्की. ताई? ताई, ऐकू येतंय ना?

आनंदीबाई : काय म्हनते?

हेमाली : रडतायत.

आनंदीबाई : रडू दे. इतके दिवस हसून बोलायची, त्याचाच घोर व्हता मला.