झ्द्राव्को झोपतो आणि मी गाडी चालवतो

...आणि वर झोपतो हो तो! शारजाहून निघालो की दुसऱ्या सिग्नलच्या आत याची मान पडलेली, तोंड उघडं, मांडीवर ड्रमच्या त्या दोन काठ्या, आणि मी? मी इत्तिहाद रोडवर ब्रेक दाब, सोड, दाब, सोड, दीड-दीड तास, डावीकडून ट्रक घुसतोय, मागून कोणी पांढऱ्या जीपमधून लाइटवर लाइट मारतोय, आणि हा घोरतोय. बरं, घोर बाबा, पण तालात? एक-दोन-तीन-चार, फुर्रर्र! एक-दोन-तीन-चार, फुर्रर्र! अकरा वर्षं ऐकतोय मी, तुम्हाला सांगतो, एकदा म्हणून मात्रा चुकली नाही माणसाची. जळत नाही हां मी. नुसतं सांगतोय.

आता तुम्ही विचाराल, हा कोण आणि मी कोण? मी रफिक होडेकर, मूळचा रत्नागिरीचा, राहणार शारजा, दुबईतल्या एका मोठ्या हॉटेलच्या व्हॅनवर ड्रायव्हर. आणि हा त्या हॉटेलच्या बँडचा ड्रमर. नाव झ्द्राव्को. म्हणून बघा! नाही ना जमत? मला चार महिने लागले. माझी बायको शहरबानू अजून त्याला 'दरवाजाको' म्हणते. देश सर्बिया. मी आपला पहिले दोन महिने सैबेरिया समजून त्याला विचारायचो, "बर्फ? अस्वल? मेनी मेनी?" आणि तो बिचारा मान हलवायचा, "येस, येस." शेवटी आमची यम्ना म्हणाली, "अब्बा, इट्स नॉट सायबेरिया! सो एम्बॅरॅसिंग!" तेव्हा कळलं.

पण खरं दुखणं पुढंच आहे. मी पण ड्रमर! हो, हसू नका. 'कोकण किनारा ऑर्केस्ट्रा', बोर्डावर माझं नाव असायचं, ड्रम्सवर रफिक, मोठ्या अक्षरात. लग्नं, उरूस, गणपती, जिथं बोलावतील तिथं. टेम्पोच्या मागे ड्रमसेट आणि ड्रमसेटच्या मागे मी. लाइट गेली की गायक गप्प, कीबोर्ड गप्प, सगळे गप्प, एकटा रफिक चालू! अंधारात वीस-वीस मिनिटं पब्लिक धरून ठेवलंय मी. चोविसाव्या वर्षी दुबईला आलो तो पण वाजवायलाच, करामा भागातल्या एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये. तीन वर्षं वाजवलं. मग मालकानं स्टेज काढून तिथं सहा टेबलं टाकली. म्हणाला, "रफिकभाई, गाना कोई नहीं सुनता, कबाब सब खाते हैं. खलास." मग काय, लायसन काढलं.

आणि याचं करिअर ऐका. याच्या गावातून मोठी नदी वाहते, तिथं एकोणिसाव्या वर्षी चार पोरांनी बँड काढला. नाव काय ठेवावं? ओलूक! त्यांच्या भाषेत ओलूक म्हणजे पन्हळ. छपराची पन्हळ हो, जिच्यातून पावसाचं पाणी जातं! आमच्याकडे पन्हळ नाव ठेवलं असतं तर आयोजकानं नारळसुद्धा दिला नसता हातात. आणि त्यांना? तीन रेकॉर्डी, टीव्ही, स्टेडियम! मोबाइलवर जुना फोटो दाखवतो तो, केस इथपर्यंत, उघडी छाती, आणि समोर तीस हजार माणसं. तीस हजार! आमच्या उरसाला आइसफ्रूटवाले धरून नऊशे व्हायची. जळत नाही हां मी. आकडा सांगितला फक्त.

मग त्यांच्याकडे युद्ध लागलं. देश एक होता, त्याचे तुकडे झाले, बँडचे पण झाले. गिटारवाला कॅनडाला गेला, तिथं छपरं शाकारतो. एक जण लढायला गेला तो परत आलाच नाही, त्याचं नाव निघालं की हा खिडकीबाहेर बघतो. गायक एकटा गावात राहिला. आणि हा लग्नांत वाजव, जहाजावर वाजव, कुठल्या कुठल्या बेटावर हॉटेलात वाजव, असं करत करत दुबई. रोज संध्याकाळी वाजवायचंच, वर दर शनिवारी ब्रंच. ब्रंच म्हणजे सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण एकात मिसळून चार तास चालणारी खादाडी. त्या खादाडीत हा वाजवणार.

घरी तर विचारूच नका. यम्नानं त्याचे जुने व्हिडिओ शोधून काढलेत. "अब्बा, ही वॉज अ लेजंड!" म्हटलं, बाळा, तुझा बाप पण... तर म्हणे, "अब्बा, यू ड्राइव्ह अ व्हॅन." आणि शहरबानू? माझ्या हातचा ठेका ऐकून जिनं लग्नाला होकार दिला, ती बाई! ईदला त्याच्यासाठी तांदळाची स्पेशल सांदणं वाफवून पाठवते. "यम्नाचे अब्बा, त्याला सांगा हो, नारळाच्या रसाबरोबर खायची. एकटा माणूस आहे." एकटा आहे म्हणून काय सांदणं? मी दिवसाचे तीन तास रस्त्यावर एकटाच असतो, तो झोपलेला असतो ना!

तर तो शनिवार. सकाळी दहाला त्याच्या बिल्डिंगखाली गाडी लावली. हा खाली आला तो उजवा हात डाव्या हातानं धरून, चेहरा पांढरा, म्हणजे होता त्याहून पांढरा. "रफिक, ब्रदर. शोल्डर. फिनिश." हात कोपराच्या वर उचलेना. म्हटलं डॉक्टर? "नो डॉक्टर. ब्रंच." म्हटलं, अरे फहद साहेबांना फोन करू. फहद आमचा मॅनेजर. तर हा एकदम घाबरला. "नो फहद! मागच्या महिन्यात म्हणाला, बँड महाग पडतो. आज ड्रमर नाही आला, उद्या बँड नाही." आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या काठ्या माझ्या मांडीवर ठेवल्या. म्हणाला, "टुडे, यू."

तुम्हाला खोटं कशाला सांगू? माणूस समोर वेदनेनं कळवळतोय आणि माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या! तोबा तोबा, आत्ता सांगतानासुद्धा लाज वाटते. मी वरवर, "नको रे, कसं शक्य आहे, दोघांची नोकरी जाईल, व्हिसा जाईल..." आणि आतून? चल, चल, यल्ला! यल्ला!

त्या दिवशी पहिल्यांदा तो झोपला नाही. ट्रॅफिकमध्ये डाव्या हातानं डॅशबोर्डवर एकेक गाणं शिकवत होता. मी स्टिअरिंगवर वाजवत होतो. मला जोर चढला, तर त्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला. "रफिक. स्मॉल. ड्रमर इज ओलूक." म्हणजे पाणी वाहून न्यायचं, म्हणाला. लोकांना पाणी दिसलं पाहिजे. पन्हळीकडे कोणी बघितलं तर समज, ती गळतेय. मी मनात म्हटलं, तीस हजारांसमोर छाती उघडी टाकून बसायचास तेव्हा कुठं होती रे तुझी पन्हळ?

त्याचा काळा शर्ट घातला मी. तो सहा फूट दोन इंच, मी पाच फूट चार. बाह्या चार वेळा दुमडल्या. वर त्याची टोपी, त्याचा काळा चष्मा. बँडमधल्या बाकीच्यांनी बघितलं, कीबोर्डवाला हळूच म्हणाला, "ओ माय गॉड." झ्द्राव्को खाली पार्किंगमध्ये व्हॅनमध्ये बसून राहिला, खांद्याला स्प्रे मारत.

आणि मी बसलो हो! सत्तावीस वर्षांनी! पहिलं गाणं... पहिलं गाणं मी लग्नाच्या वरातीसारखं पळवलं. गायिका मागे वळून डोळे वटारते, श्वास घ्यायला जागा नाही बिचारीला. दुसऱ्याला सावरलो. तिसऱ्याला हात आठवायला लागले, अहो, खरंच आठवायला लागले, मला न विचारता! पाचव्या गाण्यात राहवलं नाही, आपला उरसातला एक तुकडा टाकला, धडाधड-धडाधड-धाड! आणि मान वर करून बघितलं.

एक बाई शिंपला सोलत होती. एक माणूस लाडवासारखा काहीतरी पदार्थ हातात घेऊन तो गोड आहे की तिखट, हे बायकोला विचारत होता. शेवटी एका टेबलावरच्या लहान मुलीनं कानात बोटं घातली. झालं. तीच माझी पब्लिक.

अडीच तास वाजवलं. शेवटी फहद साहेब आले. मी टोपी खाली ओढली, म्हटलं आता पकडलं, आता खलास. ते मोबाइलमध्ये बघत आले, मोबाइलमध्ये बघतच माझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "हबीबी झ्द्राव्को! व्हेरी गुड टुडे!" आणि गेले.

अहो, तो सहा फुटी गोरा! मी असा! रंग नाही दिसला? उंची नाही दिसली? चार वेळा दुमडलेल्या बाह्या नाही दिसल्या?

खाली आलो. झ्द्राव्कोनं विचारलं, "कळलं कोणाला?" मी म्हटलं, नाही. कोणालाच नाही. म्हटलं हा हसेल, सुटलो म्हणून. हसला पण आधी, खूप हसला, खांदा धरून धरून. मग थांबला. म्हणाला, "इलेव्हन इयर्स, रफिक." बस. पुढं शारजापर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. झोपला पण नाही. आणि तुम्हाला सांगतो, मी इतकी वर्षं ज्या स्टुलासाठी जळत... बरं, जळत होतो! आज कबूल करतो! ज्या स्टुलासाठी जळत होतो, त्यावर कोण बसलंय हे कोणी बघतच नव्हतं.

बिल्डिंग आली तेव्हा बोलला. गावातला तो गायक वर्षभर फोन करत होता. बँडला चाळीस वर्षं झाली, एक शेवटचा कार्यक्रम करू, कॅनडावाला पण येतोय. आणि हा दर वेळी काय सांगायचा? "नाही जमत. इथं हॉटेलला माझी गरज आहे." हे सांगून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "थँक यू, ब्रदर." म्हणजे बघा! मी त्याच्या जागेवर बसलो काय आणि त्याला स्टेडियमला पाठवला काय! कोणी पाठवला? मीच! या हातांनी!

मग दवाखाना झाला, दोन महिने खांद्याचा व्यायाम झाला. राजीनामा देऊन गेला. एअरपोर्टला सोडायला कोण? मीच. शहरबानूनं डबा दिला, सांदणं.

पुढच्याच महिन्यात एका सकाळी मी चहात पाव बुडवतोय तर यम्ना मोबाइल घेऊन आली. "अब्बा, लुक!" स्टेडियम नव्हतं, मोठा हॉल होता, पण गच्च. पांढऱ्या केसांच्या बाया रडतायत, टक्कल पडलेले बाप्ये नाचतायत. मागे एक स्टूल मोकळं ठेवलेलं, त्या न परतलेल्या मित्राचं. आणि हा वाजवतोय. उजवा हात अजून पूर्ण वर जात नव्हता, वरचा घाव राहून जायचा, तर तुम्हाला सांगतो, तेवढी मात्रा लोक टाळीनं भरत होते. अख्खा हॉल! हा चुकणार कुठं ते त्यांना माहीत, आणि ते बरोबर तिथं टाळी देणार. पाव गळून पडला माझा चहात. शहरबानू म्हणाली, "डोळ्याला काय झालं?" म्हटलं, एसी सर्व्हिसिंगला आलाय, धूळ पडते.

नंतर त्याची मुलाखत होती. यम्नानं खालचं भाषांतर वाचून दाखवलं. विचारलं, दुबईत तुमच्यासारखा वाजवणारा कोणी भेटला? मी पुढं सरकून बसलो. घेतलं हो माझं नाव! म्हणाला, "रफिक. माय ड्रायव्हर." बास, एवढंच दाखवलं, पुढचं कापलं! आता तिकडे सगळ्यांना वाटतंय, काय थाट माणसाचा, दुबईत ड्रायव्हर ठेवला होता आणि ड्रायव्हरसुद्धा ड्रम वाजवणारा!

तरी मी म्हटलं, जाऊ दे. जागा तर रिकामी झाली? इस्त्रीचा शर्ट घातला, गेलो फहद साहेबांकडे. म्हटलं, सर, मी ड्रमर. ते म्हणाले, "यू? हबीबी, यू ड्राइव्ह सो नाइस!" म्हटलं, सर, त्या शनिवारी मीच होतो, तुम्ही व्हेरी गुड म्हणालात! तर एवढे हसले, एवढे हसले, दोन जणांना बोलावून सांगितलं त्यांनी हा जोक. मग म्हणाले, ड्रमर नकोच आता. कीबोर्डवाल्याला एक मशीन घेऊन दिलंय, बटण दाबलं की सगळे ताल. पण नाजूक आहे हां, रफिक, गाडीच्या मागे आपटेल, पुढं ठेव.

म्हणून आता रोज तो मशीनचा डबा माझ्या शेजारच्या सीटवर. वजन एवढं की गाडीला वाटतं माणूस बसलाय, टिंग टिंग टिंग करून डोकं उठवते. मग मी उतरतो, पलीकडे जातो, आणि त्याला बेल्ट लावून देतो. आणि विचारतो पण, "ठीक आहे ना, साहेब? एसी कमी करू?"