ज्यांना आपण ‘मासेमार बाई’ म्हणालो

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आज ज्यांचा निरोप घ्यायला आपण जमलो त्या आपल्या माशांच्या डॉक्टरबाई, आणि या मत्स्यालयात काम करणाऱ्या भावा-बहिणींनो,

मला भाषणाची सवय नाही. चार पुस्तकं वाचली, तीही घरकाम आटोपून, ओट्याला टेकून. आमंत्रण द्यायला आलेल्या हेडक्लार्कभाऊंनी मला प्रेमानं बजावलं होतं, की वहिनी, बाईंबद्दल दोन गोड शब्द बोला, त्या जुन्या प्रकरणात शिरू नका, शेवटी माणूस तुमचंच गेलं. मी विचारलं, कुठलं प्रकरण? भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं. बाईंच्या हलगर्जीपणामुळे माझे यजमान गेले, असं इथं सगळे धरून चालतात, हे मला गेल्या आठवड्यात कळलं.

भाऊ, तुमचा शब्द मोडते आहे, रागावू नका. बाई आज इथून कायमच्या जातील. तो डाग घेऊन त्या गेल्या, तर मला कुठं तोंड दाखवायला जागा राहणार नाही. म्हणून मी त्यांच्या घरी गेले आणि हट्टाला पेटले. तेव्हा कुठं त्या बोलल्या.

माझे यजमान इथं टाक्या धुवायचे. किडनी निकामी झाली तेव्हा माझ्या थोरल्या नणंदबाईंनी स्वतःची एक दिली. दुसऱ्याची किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून जन्मभर औषधं घ्यावी लागतात, आणि ती औषधं शरीराची राखणच ढिली करतात. म्हणून बाईंनी त्यांना कामावर परत घेताना सांगितलं, की यापुढे टाकीत हात घालायचा नाही, तिकीट खिडकीवर बसायचं. पण खिडकीवर ह्यांना करमेना. दुसऱ्यानं घासलेली काच ह्यांना कधी स्वच्छ दिसली आहे का? गर्दी ओसरली की मागच्या दारानं जाऊन उघड्या हातांनी घासून यायचे.

आधी बोटावर गाठ आली. मग मनगटावर, मग कोपराकडे, मुंग्या चालाव्यात तशा ओळीनं. इस्पितळात विचारलं, काम काय करता? हे म्हणाले, “कचेरीत असतो.” नणंदबाई शेजारी होत्या, त्यांनीही मान डोलावली. मी खाली औषधांच्या रांगेत होते. लग्न जमवताना माझ्या माहेरीही हेच सांगितलं होतं. तेव्हा आम्ही हसून सोडून दिलं.

या वेळी ते हसण्यावारी जाणार नव्हतं. गाठीतला तुकडा तपासायला घेतला आणि माणसाच्या अंगाइतक्या उबेत ठेवला. त्यातून काही उगवलं नाही. पुन्हा घेतला, पुन्हा तेच. नंतर कळलं, हा जंतू क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ, पण राहणारा पाण्यात. एका माणसाचा दुसऱ्याला लागत नाही, धडधाकट माणसाला फार त्रासही देत नाही. त्याला गारवा मानवतो, म्हणून कमी उबेत ठेवला तरच तो दिसतो. पण कचेरीतल्या माणसाच्या बोटात माशांचा जंतू कोण शोधणार?

बाई भेटायला गेल्या. हात पाहिला आणि उभ्याउभ्याच तिथल्या डॉक्टरांना म्हणाल्या, “हे माशांच्या टाक्यांवर काम करतात.” ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग जंतू सापडला, पण तोवर तो हात सोडून पुढं गेला होता. जंतूवरची औषधं किडनीच्या औषधांना चालू देईनात. किडनी जपावी तर जंतूला मोकळं रान. इकडे आड, तिकडे विहीर.

इकडे मोठ्या टाकीतले काही मासे वाळले होते, त्यांच्या पाठी वाकल्या होत्या. दुखणं तेच. माशांना त्यातून उतार नसतो, म्हणून बाईंनी ते मारले आणि टाकी बंद केली. तेव्हा तुम्ही त्यांना ‘मासेमार बाई’ म्हणू लागलात. भेटायला येऊन खाटेशी बसून म्हणायचात, आणि आमचे हे तुमच्याबरोबर हसायचे. आणि एकदा, खोलीत कुणी नसताना, त्यांनी त्याच बाईंना म्हटलं, “मी टाकीत हात घालत होतो हे कुणाला सांगू नका. हिलाही नाही.” बाईंनी ते पाळलं. टाकीतलं दुखणं वेळेत ओळखलं नाही, हलगर्जी बाई, असं लोक म्हणाले, तरी पाळलं.

परवा मी त्यांना विचारलं, हे सभेत सांगू का? त्या म्हणाल्या, “वचन मी दिलंय. तुम्ही नाही.”

गेलेल्या माणसाला मी दोष देत नाही. मला ते अजूनही रोज हवे असतात. लाज वाटते ती वेगळ्या गोष्टीची. ज्या कामावर आमचं घर उभं राहिलं, त्याचं नाव घ्यायची आमच्या घरात सोय नव्हती, आणि त्याचे बोल एका परक्या बाईनं इतकी वर्षं मुकाट ऐकले.

अध्यक्षांनी मला थांबवलं नाही, भाऊंनी चिठ्ठी पाठवली नाही, त्याबद्दल मी दोघांची ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सांभाळून घ्या. फक्त हारतुरे देण्याआधी, ज्यांनी ज्यांनी ‘मासेमार’ हा शब्द उच्चारला, त्यांनी बाईंसमोर येऊन उभं राहावं. काही बोललं नाही तरी चालेल. आमच्या घरातून ‘कचेरी’ हा खोटा शब्द गेला होता, म्हणून पहिली मी उभी राहते.