बाबांची किटली आणि माझा सेन्सर

सेन्सरचा विषय निघालाय म्हणून सांगतो. आई गेल्यावर बाबा पुण्याहून आमच्याकडे सिंगापूरला, तोआ पायोहला राहायला आले. मी दिवसभर तिकडे तुआसला कामावर, ते फ्लॅटवर एकटे. सारखा फोन केला की चिडायचे. म्हणून मी करंट मोजणारं एक छोटं मॉड्यूल आणलं आणि गुपचूप त्यांच्या इलेक्ट्रिक किटलीच्या एक्स्टेन्शन बोर्डात बसवलं. सकाळी किटली लागली की माझ्या मोबाइलवर मेसेज यायचा. म्हणजे बाबा उठले, चहा घेतायत, ठीक आहेत.

एकदा ऑफिसचा पास घरी विसरलो, म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरलो. बसमधून उतरताना मेसेज आला. आमच्या ब्लॉकखाली पोचतो, तर कॉफी शॉपमध्ये बाबा एका चिनी आजोबांबरोबर कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत बसलेले.

"बाबा, घरी चहा नाही घेतलात?"

"महिना झाला, मी सकाळी इथेच येतो."

"मग किटली कोण लावतं?"

"मीच. लावतो आणि खाली येतो."

"कशाला?"

"अरे, जन्मभर वायरमनचं काम केलं मी. बोर्ड उघडलेला मला कळत नाही? नाही लावली, तर तू कामावर काळजी करत बसशील."