उत्तरेची भिंत

मी मूळचा बेल्ह्याचा. बाप चुन्यातलं काम करणारा गवंडी, आन त्याच्याकडनं मी शिकलो काय, तर चुना जिभंला लावून पारखायचा. ऐन वक्ताला हीच अक्कल नडली. जुन्नरकडच्या एका जुन्या दगडी म्युझियमची दुरुस्ती निघाली, तवा गावात मोबाईल नुकते आले व्हते. इंजिनियर साहेबानं बोलावलं, तर मी हुशारी दाखवायला तिथला चुना बोटावर घेऊन चाटला. मुरलेलाच नव्हता, राव! जीभ अशी भाजली का डोळ्यांतनं पाणी. तेवढ्यात साहेब म्हणाले, मिस्त्री, उत्तरेच्या भिंतीला सिमेंट चालंल ना? मला बोलता येईना, मी नुसती मान हालवली, कशी हालवली देव जाणे, त्यांनी हो लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी जीभ सुटली तसा धावत गेलो. म्हणलं, साहेब, ही भिंत चुन्यात उभी हाय, तिला चुनाच पायजे, भीमाशंकरकडचा हिरडा आन गूळ घालून मळतो, महिनाभर मुरू द्या. साहेब हसले, म्हणाले, मिस्त्री, भिंत लिंपायचीय का लोणचं घालायचंय? आन ते सिमेंट लावलं कुणी? मीच, भाऊ. पोटापायी.

दोन पावसाळ्यांत भिंत घामेजली. ओलीला बाहेर पडाय वाट न्हाई, मग ती दगडातच बसली, आन कोरीव कोनाड्याची नक्षी पापुद्र्यानं गळाय लागली. झाडणारी मावशी रोज सुपलीत भरून दाखवायची, घ्या तुमचं काम. अर्ज केला, सिमेंट काढू द्या. म्हणाले, वरनं मंजुरी येऊ द्या. ती यायच्या आत साहेबच बदलले. नव्यांना सगळी भिंत पयल्यापासनं सांगितली, लई शांतपणे ऐकलं त्यांनी, मग म्हणाले, अर्ज द्या.

शेवटी म्युझियम बंद असायच्या वारी मी कुणाला न विचारता कोनाड्याशेजारचं वीतभर सिमेंट काढलं, चुना भरला. वर्षानं तेवढीच जागा कोरडी खडखडीत! नवे साहेब खूश. आन केलं काय, तर बाकीची भिंत तशीच ठिवून त्या वीतभर जागेला दोरी बांधली, पाटी लावली, नमुना, हात लावू नये. म्हंजे मलाबी बंदी.

परवा घरचीला न्हेऊन दाखवलं. तिनं पाटी वाचली, तरी दोरीतनं हात घालून भिंत चाचपली. बाहेर पायरीवर चपला घालता घालता म्हणाली, वाळलीय खरी. आता उरलेली करा म्हणतील, तवर तुमचे हात चालते ऱ्हावेत, एवढंच.