चार बादल्यांची चिमणी

...अन् वरून शेजारचे म्हणतेत, 'आवाज तर होणारच की हो, मशीन हाय!' अरे, मशीन हाय म्हणून काय पिठाची गिरणी चुलीवर टांगायची? तुम्हाला सांगतो, आमच्या शेजारच्या रेवणप्पाच्या घरातली ती चिमणी... चिवचिव करणारी न्हाई हो, गॅसच्या वर लावतेत ती, धूर वढणारी... ती चालू झाली की आमच्या घरातल्या कपबश्या थरथर कापायच्या! घरघर, घरघर, अन् मधीच खडाड्! पाव्हणा आला तर दारातूनच विचारायचा, 'काय हो, परसात कडबाकुट्टी बसवली काय?'

आता ही आली कुठून? त्याच्या पोरानं आणली. विरूपाक्षनं, पुण्याहून. आईला दमा. शांतम्मानं मिरचीची फोडणी टाकली की अर्धा अर्धा तास भिंत धरून खोकायची. पोराला बघवलं न्हाई, चौदा सालच्या दिवाळीला आला अन् भिंतीला चिमणी ठोकून गेला. अन् खरं सांगतो, खोकला पळाला! शांतम्मा तर दर सोमवारी चिमणीला कुंकू लावायची. वरीसभर गुमान चालली बापडी. मग संक्रांत झाली अन् सुरू झालं हे... खडाड्!

रेवणप्पाला सांगितलं, तर रेवणप्पा काय म्हणावा? 'जिल्हा होऊ द्या!'

हां, हे आधी ऐकून घ्या. सोळा सालचा उन्हाळा. उदगीर जिल्हा होणार, आता होणार, उद्या होणार, अशी हवा उठलेली. रेवणप्पा सोसायटीतून रिटायर झालेला. हाताला काम न्हाई, तोंडाला भाषण. दहा वाजले की धुतलेलं धोतर नेसून धरण्याच्या मांडवात. गल्लीत खड्डा पडला? जिल्हा होऊ द्या! जावयाची बदली अडली? जिल्हा होऊ द्या! आता चिमणी खडखडती, तिचा अन् जिल्ह्याचा काय संबंध? पण न्हाई! 'शांता, जिल्हा झाला की कंपनीचा माणूस इथंच बसतोय. चार महिने दम काढ.'

दम काढ! दम्याच्या बाईला म्हणतो, दम काढ!

बरं, नुसत्या आवाजाचं असतं तर कानात बोळे घातले असते. पण त्या साली पाण्याचा टँकर दहा दिवसाला एकदा! गल्लीच्या तोंडाला यायचा, तीन हॉर्न मारायचा, अन् दारात भांडं दिसलं न्हाई की ते घर वगळून फुडं. एका सकाळी शांतम्मा आमटी करून राहिली, चिमणी घरघरून राहिली, अप्पा मांडवात घोषणा देऊन राहिले, अन् आम्ही दोघं नवराबायको, हंडे दारात मांडून, देगलूरला लग्नात जेवून राहिलो! टँकर आला. तीन हॉर्न मारले. गेला. शांतम्मा बाहेर आली ती काय बघायला? सांडलेल्या पाण्याचा ओला पट्टा बघायला!

दहा दिवस, तुम्हीच सांगा, कसे काढावे माणसानं? आमच्या मंडळीनं, गुणाबाईनं, एक घागर दिली, समोरच्या कोंडाबाईनं एक कळशी. त्यांचं तरी काय, विहीर होती का घरात? शांतम्मा तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची. अन् तिनं ठरवून टाकलं, चिमणी बंद. श्वास गेला तरी चालंल, हॉर्न चुकायचा न्हाई!

श्वास जायचाच राहिला होता. चौथ्या दिवशी फोडणीच्या धुरात तिला जी उबळ आली, ती खालीच बसली. ओठ निळे. गुणाबाईनं तिला रिक्षात घातलं अन् मी पळालो मांडवात. रेवणप्पाच्या हातात माईक. 'बंधूंनो! आज आपल्या उदगीरचा श्वास कोंडलाय!' मी म्हणलं, 'अप्पा, उदगीरचा राहू द्या, शांतम्मावहिनीचा कोंडलाय. चला.'

माईक चालूच होता. सगळ्या मांडवानं ऐकलं.

डॉक्टरनं शांतम्माच्या तोंडाला वाफेचा मास्क लावलेला. रेवणप्पा शेजारी उभा, हात कुठं ठेवावा ते कळंना. कधी पलंगाला, कधी स्वतःच्या टोपीला. तिनं मास्क बाजूला केला अन् पहिलं काय विचारावं? 'टँकर आला का?' तिथं, तुम्हाला सांगतो, रेवणप्पानं डोक्यावरची टोपी काढली अन् तिनंच बायकोला वारा घालायला लागला.

घरी आल्या आल्या कंपनीला फोन. तिकडं एक पोरगी, आवाज कसा साखरंत घोळलेला. 'सर, आपला जिल्हा कोणता?' आता आली का पंचाईत! चार महिने घसा फोडलेला माणूस... खाली मान घालून म्हणाला, 'लातूरच म्हणा, बाई.' 'सर, आपल्या तालुक्यात आमची सेवा लवकरच सुरू होईल.' 'कधी?' 'ते सांगता येणार नाही, सर. आणखी काही मदत करू शकते का?' आणखी! आधी काय केली होती?

मग आणला नरसिंगला. बोअरच्या जळालेल्या मोटारी भरून देणारा मिस्त्री. बोअर कोरडे पडलेले, त्यामुळं नरसिंग रिकामाच. त्यानं चिमणी खाली घेतली, पंखा काढून वर धरला. अगायायाया! दीड वर्साचं तेल त्याच्यावर चढून काळा खरवस झालेला! 'अप्पा, बिघाड कायबी न्हाई. एका अंगाला मळ जास्ती झालाय, म्हणून पंखा आपटायलाय. सोडा टाकून गरम पाण्यात धुवा.'

'किती पाणी लागंल?'

'चार बादल्या.'

चार बादल्या! घरात पाणी दीड हंडा. नरसिंग डोकं खाजवत म्हणाला, 'न्हाईतर थांबा की अप्पा, जिल्हा झाला की...' 'नाव काढू नको!' रेवणप्पा असा ओरडला, की नरसिंगच्या हातातला पाना खाली पडला.

टँकरच्या दिवशी अप्पा मांडवात गेला न्हाई. पहाटेपासून हंडे घेऊन ओट्यावर. आयुष्यात पहिल्यांदा बायांच्या रांगेत उभा राहिला, पाणी आणलं, अन् सगळ्या गल्लीदेखत त्यातल्या चार बादल्या पंख्यावर वतल्या. कोंडाबाईच्या तोंडाचा पट्टा सुरू! 'लेकरांना प्यायला न्हाई अन् ह्यांचा पंखा न्हाऊन राहिला! माझी कळशी द्या माघारी!' दिली. वर मान न करता दिली, अन् पुन्हा घासायला बसला. काळं सोड्याचं पाणी, झाडालाबी घालता येईना. धोतराचं पोतेरं झालं.

नरसिंगनं पंखा बसवला. बटन दाबलं. आवाज? नावाला न्हाई! नुसती झुळूक. शांतम्माच्या डोळ्याला पाणी... तेवढंच काय ते पाणी त्या घरात फुकट होतं.

तेवढ्यात विरूपाक्षचा फोन. अप्पानं मोठ्या ऐटीत सांगितलं. पोरगं म्हणतंय, 'छान केलंत बाबा! आता विसरू नका, दर महिन्याला धुवायची असती ती.'

दर महिन्याला!

शांतम्मानं ऐकलं. उठली, चिमणीचा प्लग काढला, वायर गुंडाळून वर ठेवली. 'साकू,' म्हणाली. कानडीत म्हणाली, पण पुरे म्हणजे पुरे, कोणच्याबी भाषेत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडंच जेवायला. ताटात बिनफोडणीचं वरण. ना मोहरी, ना मिरची, पिवळं पाणी नुसतं. रेवणप्पानं एक घास घेतला, माझ्याकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, तोंड उघडलं...

शांतम्मा भाकरी वाढत म्हणाली, 'खावा. आवाज न करता.'